शिंप्याचा मुलगा आणि त्याची मायबोली
सर जेम्स मरे ह्यांचे चरित्र

प्रार्थनेला उभे राहिले की घरची बोली बाजूला ठेवून पुस्तकी मराठीत बोलणारे बंधुभगिनी आमच्या सर्वच मंडळ्यांत आहेत. बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, जेथे जेथे मराठी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथे तेथे घरची मराठी निराळी झाली आणि पवित्र शास्त्राची मराठी निराळी राहिली. मग एखादे मूल विचारते, आपण घरी बोलतो ती भाषा अशुद्ध आहे काय? शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला ह्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जात नाही. हाच प्रश्न आपल्या मायबोलीविषयी मनात बाळगून आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या एका थोर ख्रिस्ती गृहस्थाचे चरित्र आम्ही ह्या अंकी सादर करीत आहोत. इंग्रजीच्या सुप्रसिद्ध ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु ते जन्माने इंग्रज नव्हते, आणि घरी त्यांच्या कानी पडली ती पुस्तकी इंग्रजीही नव्हती.

खेड्यातील बालपण

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडे टीव्हियट नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यात हॉइक गावाजवळ डेनहोम नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे ७ फेब्रुवारी १८३७ रोजी जेम्स मरे ह्यांचा जन्म झाला. वडील शिंपी होते. घराणे काँग्रिगेशनल मंडळीचे, कष्टाळू आणि देवभीरू. पैसा मात्र बेताचाच. ह्याच खेड्यात १७७५ साली जॉन लेडन ह्यांचा जन्म झाला होता. लेडन डॉक्टर होऊन हिंदुस्थानात आले, त्यांनी पूर्वेकडील अनेक भाषांचा अभ्यास केला आणि १८११ साली ते जावा बेटात वारले. खेड्यातील मूलही मोठा विद्वान होऊ शकते, ह्याचे उदाहरण असे गावातच होते.

लहानग्या जेम्सला अक्षरांचे, दगडांचे, रोपट्यांचे, जुन्या अवशेषांचे, सर्वांचेच वेड होते. पण घरच्या परिस्थितीमुळे साडेचौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. शाळा सुटली तरी शिक्षण थांबले नाही. मिळेल ते पुस्तक घेऊन तो एकामागून एक भाषा शिकत गेला. सतराव्या वर्षी तो हॉइकच्या शाळेत साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तेथीलच दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक. गावात जेम्स मरे नावाची माणसे पुष्कळ असल्यामुळे आपण ओळखू यावे म्हणून त्याने आपल्या नावात ऑगस्टस हेन्री अशी दोन नावे स्वतःच जोडली.

शाळेत शिकवायची ती इंग्रजी. पुस्तके इंग्रजी, उपासना इंग्रजीत, बायबल इंग्रजी. परंतु वर्गाबाहेर पडताच मुले, त्यांच्या आया, मेंढपाळ आणि विणकर हे सर्व निराळेच बोलत. त्या बोलीला स्कॉट्स म्हणत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक ही त्याहून अगदी वेगळी भाषा आहे. वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये. गेलिकचा इंग्रजीशी जवळचा संबंध नाही, पण स्कॉट्सचा आहे. आणि म्हणूनच तिच्याविषयी वाद आहे. शिकलेली माणसे तिला बिघडलेली इंग्रजी समजत. देशाभिमानी माणसे तिला स्वतंत्र स्कॉटिश भाषा म्हणत. ह्या दोहोंपैकी खरे काय, हे तपासून पाहण्याची वृत्ती तरुण मरे ह्यांच्या ठायी होती.

दुःखाचे दिवस

१८६२ साली मरे ह्यांचा विवाह मॅगी स्कॉट नावाच्या शिक्षिकेशी झाला. त्यांना एक कन्या झाली, पण ती तान्हेपणीच क्षयाने गेली. पुढे मॅगीबाईंनाही त्याच रोगाने ग्रासले. डॉक्टरांनी उबदार हवेच्या देशी जाण्यास सांगितले. पण शाळामास्तराच्या पगारात ते कोठून जमणार? निदान हॉइकपेक्षा लंडनची हवा बरी म्हणून १८६४ साली मरे ह्यांनी मुख्याध्यापकाची जागा सोडली आणि लंडनमध्ये चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना ह्या बँकेत कारकुनी पत्करली. ज्याने उभ्या गावाला शिकविले तो हिशेबाच्या वह्या लिहू लागला. इतके करूनही पत्नी वाचली नाही. वर्षभरातच ती प्रभूकडे गेली.

तिच्या अखेरच्या दिवसांविषयी एक आठवण सांगितली जाते. तापाच्या ग्लानीत ती बोलू लागली ती शिक्षिकेची शुद्ध इंग्रजी नव्हे, तर लहानपणची ठसठशीत स्कॉट्स. शोकात बुडालेल्या पतीच्या कानांनी तेही टिपले. ज्यांनी मृत्युशय्येजवळ रात्री काढल्या आहेत त्यांना ह्या गोष्टीचे नवल वाटणार नाही. शिकून मिळविलेली भाषा अशा वेळी गळून पडते आणि आईकडून आलेली तेवढी उरते.

१८६७ साली मरे ह्यांनी एडा रुथवेन ह्यांच्याशी दुसरा विवाह केला. ह्या विवाहात वराचा सोबती म्हणून उभे होते अलेक्झांडर ग्रॅहम बेल, जे पुढे टेलिफोनचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले. बेल तरुण असताना मरे ह्यांनीच त्यांना विजेचे पहिले धडे दिले होते. एडाबाईंनी पतीचे घर, हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळला. त्यांना अकरा मुले झाली.

मायबोलीचा अभ्यास

बँकेत काम करीत असता मरे ह्यांची लंडनच्या भाषाशास्त्रज्ञांशी ओळख झाली. १८७० साली ते मिल हिल येथील शाळेत शिक्षक झाले, आणि १८७३ साली त्यांचा दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे हे काम पाहून पंडित चकित झाले. दुसऱ्याच वर्षी एडिंबरो विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली.

ह्या ग्रंथात त्यांनी काय दाखविले? पहिली गोष्ट ही की, त्यांच्या गावची बोली ही बिघडलेली इंग्रजी नाही. इंग्रजीत दगडाला 'स्टोन', घराला 'होम', हाडाला 'बोन' म्हणतात. स्कॉट्समध्ये 'स्टेन', 'हेम', 'बेन' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते की, गावंढळ माणसाने उच्चार बिघडवला. परंतु प्राचीन काळी ह्या सर्व शब्दांत दीर्घ 'आ' हा स्वर होता. दक्षिणेकडे त्याचा 'ओ' झाला, उत्तरेकडे 'ए' झाला. दोघे भाऊ एकाच घरातून निघाले आणि दोन वाटांनी गेले. त्यांत एकाला वाट चुकलेला का म्हणावे?

दुसरे उदाहरण व्याकरणाचे. आमच्या मुलांना शिकविले जाते की, कर्ता अनेकवचनी असेल तर वर्तमानकाळी इंग्रजी क्रियापदाला 'एस' लागत नाही. टीव्हियटकाठचा शेतकरी मात्र 'द मेन कम्स' असे म्हणे. मास्तर ह्यावर लाल रेघ ओढणार. पण तोच शेतकरी 'दे कम' म्हणताना 'एस' लावीत नसे. मरे ह्यांनी ह्यातला नियम शोधून काढला. कर्ता नाम असेल तर 'एस' लागतो. कर्ता सर्वनाम असून क्रियापदाला खेटून असेल तर लागत नाही. हाच नियम शेकडो वर्षांपूर्वीच्या उत्तरेकडील हस्तलिखितांतही पाळलेला आढळतो. अडाणी समजला जाणारा शेतकरी नकळत एक जुना नियम बिनचूक पाळीत होता.

ह्याच ग्रंथात बोलीचा नमुना म्हणून त्यांनी रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय दिला. शास्त्रातील परिचित उतारा घेतला म्हणजे अर्थ समजावून सांगावा लागत नाही, आणि बोलीचा फरक तेवढा नजरेत भरतो.

येथपर्यंत देशाभिमानी मंडळी खूश झाली असती. परंतु मरे ह्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट त्यांना गोड लागण्यासारखी नव्हती. इंग्लंडमधील हंबर नदीपासून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जुन्या काळी एकच उत्तरी भाषा बोलली जात होती. दोन राज्यांची सीमा ह्या भाषेच्या मधून गेली. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील स्कॉट कवी आपल्या भाषेला 'इंग्लिस' म्हणजे इंग्लिशच म्हणत, आणि स्कॉटिश हे नाव तेव्हा गेलिकला लावीत. गॅव्हिन डग्लस ह्या धर्माधिकारी कवीने १५१३ साली आपले मोठे काव्य पुरे केले, तेव्हा आपल्या भाषेला त्याने 'स्कॉटिस' म्हटले. म्हणजे भाषा जुनी, पण स्वतंत्रपणाचे नाव पुढचे. हे लिहिताना मरे ह्यांनी कोणाचीही भीड ठेवली नाही. आपल्या मातीवर प्रेम आहे म्हणून पुराव्याला मुरड घालावी, असे त्यांना कधी वाटले नाही.

राज्य, दरबार आणि बायबल

मग स्कॉट्स ही भाषा की बोली? मूळ पाहावे तर ती इंग्रजीची सख्खी बहीण. परंतु पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत स्कॉटलंडचा राजा निराळा, संसद निराळी, न्यायालये निराळी होती. आणि कायदे, पत्रे, काव्ये हे सर्व स्कॉट्समध्ये लिहिले जात होते. त्या काळी तिला बोली म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. तिचा मान नंतर उतरला. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्या गादीवर बसला आणि दरबार लंडनला गेला. १७०७ साली दोन्ही संसदा एक झाल्या. लिहिण्याची भाषा इंग्रजी झाली. स्कॉट्स घरात, शेतात आणि गाण्यांत उरली. रॉबर्ट बर्न्ससारख्या कवीने अठराव्या शतकात तिला पुन्हा कीर्ती मिळवून दिली, तरी शाळेत तिला जागा मिळाली नाही.

ह्या घसरणीत एक कारण आम्हां ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली तेव्हा लोकांच्या हाती बायबल आले, पण ते त्यांच्या भाषेत नव्हते. १५७९ साली स्कॉटलंडमध्ये पहिले संपूर्ण बायबल छापून पुरे झाले, ते इंग्रजी भाषेतील जिनिव्हा भाषांतर होते. त्याच वर्षी ऐपतदार कुटुंबांनी घरात बायबल ठेवावे असा कायदाही झाला. प्रभूचे वचन घराघरांत पोहोचले ही मोठी कृपाच. पण त्याबरोबर देव इंग्रजीत बोलतो आणि आपण घरी दुसरेच काही बोलतो, असे लोकांच्या मनात रुजले. जर्मन लोकांना लूथरचे भाषांतर मिळाले. वेल्स प्रांताला १५८८ साली वेल्श बायबल मिळाले आणि त्या भाषेला आधार झाला. स्कॉट्सच्या वाट्याला तसे काही आले नाही.

प्रयत्न मुळीच झाला नव्हता असे नाही. १५२० च्या सुमारास एअरशायरमधील मर्डॉक निस्बेट नावाच्या एका भाविकाने, छळाच्या काळात लपूनछपून, विक्लिफच्या परंपरेतील नवा करार स्कॉट्समध्ये उतरविला. पण ते हस्तलिखित घराण्यातच राहिले. ते छापले गेले १९०१ ते १९०५ ह्या काळात, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांनी. वेळेवर छापले गेले असते तर त्या भाषेची गोष्ट कदाचित निराळी झाली असती.

लोखंडी खोलीतील पस्तीस वर्षे

१ मार्च १८७९ रोजी मरे ह्यांनी नव्या इंग्रजी शब्दकोशाच्या संपादकपदाच्या करारावर सही केली. प्रत्येक शब्द केव्हा जन्मला, कसा बदलला आणि कोणी कसा वापरला, हे पुराव्यानिशी दाखवायचे होते. काम दहा वर्षांत संपेल अशी अपेक्षा होती.

त्यांनी शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली उभारली आणि तिला लेखनशाळा असे लॅटिन नाव दिले. आत एक हजार एकोणतीस खणांची मांडणी होती. आधीच्या संपादकांनी जमविलेल्या चिठ्ठ्या पोत्यांतून आल्या. त्यांचे वजन दोन टनांच्या घरात होते. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, तर दुसऱ्यात उंदराची मादी पिलांसह नांदत होती! मरे ह्यांनी जगभरच्या वाचकांना मदतीची हाक दिली आणि हजारो चिठ्ठ्या टपालाने येऊ लागल्या. घरातील मुलेही चार पैशांच्या खाऊसाठी चिठ्ठ्या अक्षरवार लावीत बसत. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग निघाला. त्यात ३५२ पाने होती आणि 'ए' हे पहिले अक्षरसुद्धा संपले नव्हते.

१८८५ साली ते ऑक्सफर्डला राहण्यास आले. तेथे बागेत नवी लोखंडी खोली बांधली. पण शेजाऱ्यांच्या दृष्टीआड राहावी म्हणून ती जमिनीत काही फूट खाली घ्यावी लागली. हिवाळ्यात ती गारठून जाई. मरे ओव्हरकोट घालून कामाला बसत. पत्रे इतकी जात की, टपाल खात्याने त्यांच्या दारासमोरच पेटी बसविली. काँग्रिगेशनल मंडळीशी ते अखेरपर्यंत निष्ठेने राहिले. दारूला ते शिवत नसत, आणि आपले काम देवाने नेमून दिले आहे ह्या भावनेने ते करीत.

ह्या कोशात त्यांनी स्कॉट लेखकांच्या शब्दांना मानाची जागा दिली. ज्या शब्दांसाठी शाळेत मुलांना बोल खावे लागत, तेच शब्द आता इतिहासासह छापले जाऊ लागले. शिंप्याच्या मुलाने इंग्रजीच्या मोठ्या घरात आपल्या आईच्या बोलीला हात धरून नेले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९०८ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने मात्र सन्मानाची पदवी देण्यास १९१४ साल उजाडू दिले. २६ जुलै १९१५ रोजी त्यांना देवाज्ञा झाली. कोशाचा निम्मा भाग त्यांच्या हातून पुरा झाला होता. संपूर्ण कोश १९२८ साली संपला. त्यात चार लाख चौदा हजारांहून अधिक शब्द आहेत. दहा वर्षांचे काम जवळजवळ पन्नास वर्षे चालले. मरे ह्यांनी आपल्या कामाचा शेवट पाहिला नाही, पण पुढचे संपादक त्यांनीच आखलेल्या वाटेने गेले. त्यांपैकी विल्यम क्रेगी हे स्कॉट विद्वान होते. त्यांनी पुढे जुन्या स्कॉट्स भाषेचा स्वतंत्र कोश हाती घेतला, आणि तो २००२ साली पुरा झाला.

त्यानंतर काय झाले

निस्बेटचे अपुरे काम विसाव्या शतकात एका पाळकाच्या मुलाने पुरे केले. विल्यम लॉरिमर हे ग्रीक भाषेचे विद्वान. म्हातारपणी त्यांनी मूळ ग्रीकवरून संपूर्ण नवा करार स्कॉट्समध्ये आणला. १९६७ साली ते वारले. त्यांच्या मुलाने प्रत तयार करून १९८३ साली ते भाषांतर प्रसिद्ध केले. २००१ साली ब्रिटिश सरकारने युरोपातील प्रादेशिक भाषांविषयीच्या करारान्वये स्कॉट्सला मान्यता दिली. २०११ च्या स्कॉटलंडच्या जनगणनेत सुमारे पंधरा लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असे नोंदविले. २०२५ साली स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. तरीही ती भाषा की बोली, ह्यावर विद्वानांत आजही एकमत नाही.

ह्या प्रदेशाशी आमचे नातेही जुने आहे. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन हे त्याच सीमाभागातील लॉडर गावचे. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेविषयीचा प्रास्ताविक लेख त्यांनीच लिहिला. आणि भाषा की बोली हा वाद गोव्यातील आमच्या वाचकांना नवा नाही. कोंकणीला १९७५ साली साहित्य अकादमीची मान्यता मिळाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तोवर तिच्याविषयीही असेच बोलले जात होते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आम्हांला एवढेच सुचवायचे आहे. कोणत्या वाणीला भाषा म्हणावे आणि कोणत्या वाणीला बोली, हे पुष्कळदा राजदरबार, कचेऱ्या, छापखाने आणि शाळा ठरवितात. पण बोली ठरली म्हणून ती अशुद्ध होत नाही. तिलाही तिचे नियम आणि तिचा इतिहास असतो. पवित्र शास्त्राची मराठी मुलांना अवश्य शिकवावी, कारण तिने आपल्या दूरदूरच्या मंडळ्यांना एकत्र बांधले आहे. परंतु येत्या रविवारी एखादे मूल वचनाचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत सांगू लागले, तर वर्गाला हसू देऊ नये आणि त्याला मध्येच थांबवू नये. त्याला बोलणे पुरे करू द्यावे. अर्थ बरोबर असेल तर उत्तर बरोबर आहे.